त्या पौर्णिमेची काकडी

दतिया गेट, झाशी
८ सप्टेंबर २०२५

प्रिय ऋता,

काल रात्री शाल्मलीनं मला हात धरून छतावर नेलं. चार दिवस राहायला आलेल्या नातीनं तुझ्या सासूबाईंना ग्रहण बघायला लावलं, हे ऐकून हसशील. चंद्र तांब्यासारखा लाल झाला होता. ती म्हणाली, "आजी, हर अठरा साल दस दिन में यही ग्रहण लौटता है. मागचं दोन हजार सातच्या राखीला होतं. दिवसा होतं, म्हणून झाशीत दिसलंच नाही."

मला ती राखी आठवली. त्या राखीला तुला दुसरा महिना होता. माझा भाऊ जेवायला यायचा होता आणि मीच तुला म्हणाले होते, "काकडी चिरून दे गं." पुढे शाल्मली दुभंगल्या ओठाची जन्मली, तेव्हा मी साऱ्या नातलगांत सांगत सुटले, "ग्रहणात काकडी चिरली हिनं." तू माझं नाव घेतलं नाहीस. आजवर नाही.

काल पोरीला सगळं सांगितलं. ओठावरच्या टाक्यांच्या खुणेवर बोट ठेवून ती म्हणाली, "काकडीनं असं काही होत नाही, आजी. पण मम्मी को सॉरी बोलो."

लिहून सुटणं सोपं आहे, म्हणून हे पत्र टपालात न टाकता सोबतच आणते. गुरुवारी तिच्यासोबत भोपाळला येते आणि तुझ्यासमोर बसून बोलते. तू मात्र या वेळी गप्प राहू नकोस. चिडायचं तेवढं चीड, मी ऐकून घेईन.

तुझ्याकडे निघालेली,
अहिल्याआई