पॉलिश पेपरचा कण

आई,

पाया पडते. डोंगरावरच्या या प्रयोगशाळेतली थंडी आता सोसते, खोकलाही गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

आकाशातून पडलेला तो दगड सूक्ष्मदर्शकाखाली बघता यावा म्हणून मीच पॉलिश पेपरने घासून काचेसारखा पातळ केला. तरी आमच्या सरांनी अहवालातून माझं नाव काढलं. "घासायला काय, कुणीही घासतं!" म्हणाले. आता त्यात त्यांना नवं खनिज सापडलंय. अगं, तो चमकणारा कण माझ्या पॉलिश पेपरचा आहे! सांगायला गेले, तर म्हणे, "तू मधे बोलू नकोस."

बरं, नाही बोलत. उद्या भर सभेत त्यांना जाहीर करू दे. मग उठून विचारीन, "सर, हा दगड कुणी घासला, आणि कशाने?"

बाबा म्हणतील, जाऊ दे. नाही जाऊ देणार. तू तेवढी माझी गादी उन्हात घालून ठेव. कदाचित लवकरच येईन.

तुझी पदवीधर, हट्टी लेक