गाणाऱ्या मुलीचं तोंड

सोमवार, २ मार्च २०१५

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे हे आधी लिहून ठेवते. दोन वर्षं हेअरनेट घालून पॅकहाऊसमध्ये पालकाच्या पिशव्या भरल्या. पुण्यात सहा वर्षं संग्रहालयात धातूच्या वस्तूंची निगा राखत होते, हे प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगून झालं. सगळे छान हसायचे आणि न्यूझीलंडचा अनुभव किती, असं विचारायचे. आता तोही मिळेल.

नवऱ्याने, सुयशने, साइटवर जाता जाता सोडलं. भूकंपानंतर क्राइस्टचर्च पुन्हा उभं करायच्या कामावर तो इंजिनियर आहे, त्यामुळे कुठल्याही घराच्या आधी भेगा बघतो. या घराची चिमणी गेलीय, तिथे प्लायवूड ठोकलंय, पण बाकी लाकडी घर ठणठणीत आहे, असा त्याने गाडीत बसूनच निर्वाळा दिला.

मालकीणबाई नोएलीन, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. मला नुसतं नोएलीन म्हण, म्हणाल्या. माझ्या तोंडून काही ते निघेना, मग ‘मिस नोएलीन’वर तडजोड झाली. बागेतून आल्या होत्या. जाड हातमोजे न काढताच त्यांनी चहा ओतला, सोबत आल्याची बिस्किटं दिली.

त्यांचा भाऊ रोलंड जुन्या पैसेपेट्या आणि दानपेट्या जमवायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. जूनमध्ये लिलाव आहे. तोवर प्रत्येक पेटी रिकामी करायची, साफ करायची, फोटो काढून नोंद करायची. तीन खोल्या भरल्यात. हातावर नाणं ठेवलं की जबड्यात टाकणारं लोखंडी अस्वल आहे, पत्र्याची पोस्टपेटी आहे, चर्चची एक लाकडी पेटी आहे जिच्यावरची बाई नाणं पडलं की मान डोलावते. मी लहान मुलीसारखं एकेकीत नाणं टाकून पाहिलं.

हॉलमध्ये दारापाशी तीन फुटी मुलगी उभी आहे. कागदाच्या लगद्याची, निळा फ्रॉक, हातात गाण्याची वही, तोंड गायला उघडलेलं. कुठल्याशा अनाथाश्रमासाठी दुकानाबाहेर उभी असायची म्हणे. नाणं तिच्या तोंडात टाकायचं आणि पाठीतल्या छोट्या दारातून काढायचं. नोएलीन म्हणाल्या, हिला सगळ्यात शेवटी घे.

शुक्रवार, ६ मार्च

लोक दानपेटीत काय काय टाकतात. चघळलेला च्युइंगम, दातांच्या खुणांसकट. कापलेली नखं. जखमेवरची पट्टी, तिला अजून खपली चिकटलेली. शेकडो हातांचा घाम आणि मळ फटीच्या कडेला साचून काळं मेण झालंय, ते लाकडी काडीने खरवडावं लागतं. अस्वलाच्या पोटात उंदराचं घरटं निघालं, आत वाळून चिंचोक्याएवढी झालेली पिल्लं.

मी असल्या घाणीला बुजणारी नाही, हा माझा धंदाच आहे. तरी आज डबा बागेत बसून खाल्ला. हात तीनदा धुतले, पण पोळीला जुन्या नाण्यांचा वास येत होता.

बुधवार, ११ मार्च

सकाळी लवकर पोचले. नोएलीन त्या मुलीसमोर उभ्या होत्या, माझी चाहूल लागताच स्वयंपाकघरात गेल्या. मुलीच्या पायाशी चटईवर चार-पाच नाणी पडली होती. वाटलं यांच्याच हातून सांडली. उचलायला गेले तर ओली. टिश्यूने धरून उचलली, तर नाणं आणि चटई यांच्यामध्ये लांब तार आली. लाळेची तार. ती तुटली आणि माझ्या मनगटावर बसली, आणि कोमट होती.

सुयशला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, म्हाताऱ्या बाईने नाणी तोंडात धरली असतील, असतात अशा सवयी. हे पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं. पुन्हा पालक भरायला जायचं नाहीये मला.

सोमवार, १६ मार्च

आज मुलीची पाठ उघडली. नोएलीन दवाखान्यात गेल्या होत्या आणि मला राहवलं नाही, इतकंच त्याचं खरं कारण.

दार अडकलं होतं. सुरीच्या टोकाने सैल केलं तर ते चिकट आवाज करत सुटलं, आणि आतून वास आला. दात किडलेल्या माणसाने अगदी तोंडाशी येऊन बोलावं, तसा. आत नाणी होती, पण सुटी नाहीत. गुलाबी-राखाडी, थलथलीत कशात तरी रुतलेली होती. चिमट्याने एक पेनी ओढली तर तो लगदा तिच्याबरोबर ताणला गेला आणि सोडताच मागे गेला. नाण्याच्या कडा चावलेल्या होत्या. खाली, गोळ्याच्या तळाशी, दात होते. माणसाचे. एकाला चांदी भरलेली.

दार लावलं. मग बहुतेक मी डोकं गमावलं, कारण पुढून तोंडात टॉर्च मारून बोटाने चाचपून पाहिलं. कागदाचा लगदा आहे ना, हे पाहायला. बाहेरून ओठ कडक, रंगवलेले. आत, अर्धा इंच गेल्यावर, मऊ. बोट मागे घेतलं तर ते येईना. आतून चोखत होतं. मी जोरात ओढलं तेव्हा बोटाच्या टोकाची कातडी तिथेच राहिली.

रक्त आलं तसं मी बोट तोंडात घातलं. आपण घालतोच, विचार न करता. चव आली तेव्हा कळलं की बोटाला तिची लाळ लागली होती. सिंकमध्ये सगळं ओकले.

बुधवार, १८ मार्च

काल गेले नाही. आज काम सोडायचं सांगायला गेले. नोएलीननी माझं पट्टी बांधलेलं बोट पाहिलं आणि डावा हातमोजा काढला. करंगळी नाही. तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरापर्यंतच. जखमेवर पातळ, चकचकीत, ओली दिसणारी कातडी होती.

मी विचारलं, हे तिने केलं?

“मी दिलं,” त्या म्हणाल्या. “घेतलं असं नको म्हणू. रोलंडही द्यायचा.”

मग सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं शांतपणे. रोलंड रोज सकाळी तिला एक नाणं द्यायचा, गंमत म्हणून. २००६मध्ये हलकी नवी नाणी आली, ती तिने थुंकून टाकली. जुन्या पेनीज होत्या तोवर भागलं. मग तो नखं कापून घालू लागला. मग दात, एकेक. शेवटी डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, सगळे आपोआप पडले. नाही दिलं तर काय होतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही दिलं तर ती गाते.

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“तू आली नसतीस,” त्या म्हणाल्या. “मला एकटीला आता देता येत नाही, डिअर.”

मला त्यांची शिसारी आली. त्या चकचकीत बोटाची, बिस्किटांच्या त्या बशीची, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून काय म्हणून बघत होत्या त्याची. आणि तरी त्या रडायला लागल्या तेव्हा मी त्यांना धरून बसले. पुण्यात आई एकटी असते. कुणीतरी असंच धरावं तिला.

शनिवार, २१ मार्च

सुयशला बोट दाखवलं, सगळं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला की नाही माहीत नाही, पण ट्रेलर मागून आणला. ताडपत्रीत गुंडाळून मुलीला कचरा डेपोवर नेलं. नोएलीन मागच्या सीटवर, उशीत तोंड खुपसून. खड्ड्यात कचरा दाबायचं मोठं लोखंडी यंत्र आहे, त्यात सुयशने तिला ढकललं. दाबताना कागदाचा आवाज यायला हवा होता. उकडलेलं अंडं मुठीत चिरडावं तसा आला. तिथल्या माणसाने डोकावून पाहिलं आणि नाकाला शर्ट लावला.

परतताना नोएलीन झोपल्या. घरी सोडलं तेव्हा त्यांनी सुयशचा हात बराच वेळ सोडला नाही. मी त्यांना म्हटलं, सोमवारी येते, बाकीच्या पेट्या उरल्यात.

मंगळवार, २४ मार्च

दोन दिवस चांगलं काम झालं. नोएलीन हातमोजे न घालता वावरतात. रोलंडचे फोटो दाखवले, तरुणपणी पांढरे शुभ्र दात होते त्याला.

फक्त खाणं जात नाही. आमटी केली तर पू वाटला. सुयशने खाल्ली आणि म्हणाला, मस्त झालीय. तो चावत होता ते मला बघवेना. लाळ सुटते मात्र सारखी. घट्ट आहे, गिळली तरी घशात राहते.

शुक्रवार, २७ मार्च

सुयशने विचारलं, गाडीत पार्किंगसाठी ठेवलेली नाणी कुठे गेली. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मग दात घासताना गालाच्या आतून एक डॉलरचं नाणं निघालं. गरम होतं. ते मी धुऊन ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही.

पायऱ्या उतरताना पोटातून आवाज येतो. सुयश ऐकेल म्हणून हळू चालते.

सोमवार, ३० मार्च

नोएलीनकडे गेले. अस्वल साफ करता करता त्याच्या जबड्यातली पेनी माझ्या तोंडात. त्यांनी पाहिलं. मागे सरकत सरकत त्या भिंतीला टेकल्या आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

मी म्हटलं, घाबरू नका, मी तशी नाही. माझ्या तोंडून शब्दांबरोबर लाळेची तार गेली, त्यांच्या फ्रॉकवर बसली.

त्यांनी मला घरी जायला सांगितलं. दाराला आतून कडी लावल्याचं ऐकलं.

बुधवार, १ एप्रिल

ओठ बाहेरून कडक झालेत. कोपरे वळत नाहीत. हसता येत नाही. आतून — आतून मऊ. जिभेने चाचपलं तर ते जिभेला धरतं.

डॉक्टरने तोंड उघड म्हटलं. उघडलं नाही मी. तो चमच्यासारखं काहीतरी आणि बोट घेऊन जवळ आला आणि त्याच्या बोटाला साबणाचा, कातडीचा, इतका छान —

पळून आले.

गुरुवार, २ एप्रिल

नाणी नको वाटतात आता. हलकी लागतात. मांजरीने पकडलेलं पाखरू मागच्या अंगणात होतं. होतं.

ओकायचा प्रयत्न केला. काही परत येत नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल

गुड फ्रायडे. सुयशला सुट्टी. तो घरी नको होता.

तोंड मिटून बसलेय सकाळपासून. बोलत नाही म्हणून तो हे वाचायला मागतोय. त्याच्यासाठीच लिहितेय आता. सुयश, मी रागावले नाहीये. तोंड उघडलं तर गाणं येईल. घशात आलंच आहे, गुदगुल्या होतात —

तू समोर बसलायस. रडतोयस. म्हणतोयस दात दुखतो का मधू, बघू दे, आ कर. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरलायस. तुझे हात किती —

नको. मान हलवतेय, दिसत नाही का तुला. वाच ना. हे वाच. अंगठा ओठांवरून काढ. मी घट्ट मिटलंय पण ते आतून —

सुयश बोट घालू न