शिवराईवरचा काळा थर

डोंबिवली, नोव्हेंबर १९९२

ती. दामाजीकाका,

तुम्हाला लिहायचं दसऱ्यापासून पुढे ढकलतोय. बाबांच्या तांब्याच्या शिवराया विकायच्या तर आधी काय करावं, असं तुम्ही विचारलेलं. ज्याला घराबाहेर काढलंत त्याच पुतण्याला विचारलंत, याची मजा वाटली.

इथे जुनी नाणी जमवणारे दर रविवारी एका शाळेच्या ओट्यावर बसतात. भले लोक. मी ठाकुर्लीहून असाच भटकत आलेलो, तरी बसवून घेतलं. फुकट शिकवतात, वर चहा पाजतात. त्यांच्यातल्या बर्वेकाकांच्या मिशीत खारीचा चुरा अडकतो, पण ते जाऊ दे. तुमचा प्रश्न सांगितला, तर ते म्हणाले, "आजच कळव रे त्यांना. नाण्यावरचा काळा थर हीच त्याची किंमत. घासलं की भंगार."

मी कळवलं नाही. दिवाळीला तुमच्याकडे देवाच्या भांड्यांसोबत नाणीपण चिंचेने घासतात, हे मला ठाऊक होतं. तुम्ही हौसेने घासत बसलाय, असं डोळ्यांपुढे आणून मी खूश व्हायचो. आता दिवाळी झाली, म्हणून सांगतो. घासायची नव्हती.

थांबा, दारात मंजुळाकाकू आल्यात, एकट्याच. पदराची गाठ सोडून म्हणतात, "काकांना बोलू नको हां. तुझ्या बापाची नाणी, तुलाच पायजेत. तुला द्यायची म्हणून मीच बसून घासली. बघ कशी सोन्यासारखी दिसतात."

मी म्हटलं, "छान झालीत काकू." हे पत्र आता टपालात टाकत नाही.

तुमचा नकोसा,
नाथा