अतांसाठी उघडं ठेवलेलं दार

९ जानेवारी
विमान पडलं. सकाळचं, आमचंच. उडालं न उडालं तोच पलीकडच्या शेतात, बर्फात—
दार मी उघडं ठेवलं होतं.

१० जानेवारी
नीट लिहिते. पंखांवरचा बर्फ काढून, पुन्हा धरू नये म्हणून औषध फवारून झालं होतं. ते थोडाच वेळ टिकतं, तेवढ्यात उडायचं. प्रवाशांना विमानाकडे सोडायचं दार लावायची वेळ झाली आणि बायझान अता काठी टेकत आले; म्हाताऱ्यांना आम्ही अताच म्हणतो, आजोबा. दाढी पांढरी, बर्फाने आणखी पांढरी. दारावर माझ्यासोबत ड्युटीला असलेली सांदुगाश म्हणाली, लाव. मी लावलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं नाही—आई आणि आके, माझे वडील, यांनी शाळेआधी शिकवलेलं. धावत विमानापाशी गेले. कॅप्टन दौरेन खिडकीतून वाकून हसले. "अता आहेत? मग थांबतो बाई. नाहीतर आई मला घरात घ्यायची नाही."
अता सावकाश चढले. बर्फ पडतच होता. मी पंखांकडे पाहिलंसुद्धा नाही.
कॅप्टन गेले. मागच्या रांगा गेल्या. अता वाचले, पाय मोडला.

११ जानेवारी
काही लिहवत नाही.

१३ जानेवारी
कॅप्टनच्या घरी. त्यांची बायको कुलयाश वहिनी मृतांच्या नावाने पोळ्या तळत होत्या. बायका कुजबुजत होत्या—चौकशीवाले म्हणतात, त्यानेच उगाच वेळ काढला, पुन्हा फवारूनही घेतलं नाही. वहिनींनी गरम पोळी माझ्या हातावर ठेवली. "तू शेवटचं पाहिलंस ना त्याला. तसा निष्काळजी होता का गं तो?"
मी नाही म्हटलं. तेवढंच! आणि पोळी खाल्ली.

१७ जानेवारी
अतांनी दवाखान्यात जबाब दिला. मी वेळेवर आलो, माझ्यासाठी कुणी थांबलं नाही, म्हणाले. मला वाचवायला. सांदुगाश म्हणते, सुटलीस, आता तोंड उघडू नकोस.
म्हणजे उशीर कॅप्टनचाच.
आके चहा ओतताना बोलले. "तू खरं सांगितलंस तर अता खोटे पडतील. या वयात, चारचौघांत." माझा कप भरून वाहिला तरी त्यांना कळलं नाही.

२० जानेवारी
चौकशीच्या खोलीत अतांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. सगळे उठून उभे राहिले. मीही. मागे वहिनी होत्या.
सगळे बसले. मी उभीच राहिले. म्हटलं, "अता खोटं बोलतायत."