डावऱ्याच्या वतीने दहीसाखर

प्रिय आई,

तुमच्या डावऱ्याला बेसबॉलच्या टीममधून खाली पाठवलं. काल सकाळी बातमी आली. तुम्हाला ती दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावी म्हणून लिहायला बसले. आणि घरात सांगणार तरी कोणाला? डावऱ्याचा विषय काढला की तुमचा विषय निघणारच, आणि निनादसमोर तुमचा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

तुम्ही गेल्यापासून त्याने तोंडातून ‘आई’ हा शब्द काढलेला नाही. अस्थी घेऊन नागपूरला गेला, सगळं रीतसर केलं, परत आला आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसला. कोणी विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणतो. बेसबॉलचा सीझन सुरू झाला, मी टीव्ही लावला, तर हा उठून गॅरेजमध्ये गेला. आता मॅच लागली की गॅरेज आवरतो. इतकं आवरलंय की तिथे गाडी लावायला मला संकोच वाटतो. मी हसण्यावारी नेते, पण आई, मला भीती वाटते हो. हा माणूस असाच आतल्या आत मिटून गेला तर मी काय करू?

तुम्ही इथे श्रूजबरीला आमच्याकडे राहायला आलात तो पहिला उन्हाळा आठवतो? मी एकटीच मॅच बघत होते. लग्नाआधी न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत नोकरी केली, तिथल्या ऑफिसने मला न्यूयॉर्कच्या टीमचं केलं ते कायमचं. बॉस्टनवाल्यांच्या मुलखात सून म्हणून आले, तरी टीमच्या बाबतीत माहेर सोडलं नाही. तुम्ही शेंगा सोलत शेजारी बसलात आणि विचारलंत, “हा डाव्या हातानं टाकून राहिला का गं?”

बॉस्टनकडून बॉल टाकणारा पिचर होता तो. उंच, किडकिडीत, टोपीतून कान बाहेर आलेले. मी म्हटलं, हो, इथे डावऱ्यांना मोठा भाव असतो, त्यांचा बॉल खेळायला अवघड जातो. तुमचा हात शेंगांवर तसाच राहिला. मग तुम्ही सांगितलंत, निनाद लहानपणी डाव्या हाताने जेवायचा. पंगतीत बायका नावं ठेवायच्या. म्हणून तुम्ही जेवताना त्याचा डावा हात ओढणीने पाठीशी बांधायचात. तो रडायचा, तुम्ही भरवायचा नाहीत. शेवटी हात बदलला.

“आणि इथे त्याच हातासाठी एवढे लोक टाळ्या वाजवून राहिले,” तुम्ही म्हणालात.

त्या दिवसापासून तो पिचर तुमचा झाला.

आता मोकळेपणाने बोलते, तुम्ही त्याला फार डोक्यावर चढवून ठेवलं होतं! त्याच्या हातात खोट नव्हतीच कधी. बाकीच्या टीमपुढे कसा सरळ, धडाधड टाकायचा. न्यूयॉर्कवाले समोर आले की बिचकायचा आणि कडेकडेने टाकायला लागायचा. चार बॉल बाहेर गेले की बॅटर पळायचे कष्ट न घेता चालत पहिल्या बेसवर. असे तीन जण चालत गेले की तिन्ही बेस भरले, आणि मग आमच्यातला कोणीतरी एकच फटका प्रेक्षकांत मारायचा. मार खाल्ला तरी चालेल, पण सरळ टाक ना बाबा! आणि त्यांचा मॅनेजर तरी काय? शहाण्या माणसाने त्याला लवकर बाहेर घेतलं असतं, हा आपला खिशात हात घालून उभा.

तुम्ही म्हणायचात, तुझे न्यूयॉर्कवाले किती ओरडतात, म्हणून घाबरतो तो. मी एकदा सांगून टाकलं, आई, मैदान बॉस्टनचं आहे, हुर्यो करणारे त्याचेच लोक आहेत. ते तुम्हाला मुळीच पटेना. आपल्याच पोराला कोणी हुर्यो करतं का, असं त्या रात्री तुम्ही जेवतानाही विचारत होतात. मी उगीच सांगितलं असं अजून वाटतं.

आणि ती दहीसाखर! महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दहीसाखर ठेवायची, पण हा निघणारा पडला टीव्हीत. मग न्यूयॉर्कच्या मॅचआधी त्याच्या वतीने निनादने खायची असं तुम्ही ठरवलंत. पहिल्यांदा निनादने सवयीने उजवा हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, डावा कर, तो डाव्यानं टाकतो. चाळिशीचा, केस पिकायला लागलेला तुमचा मुलगा हसत हसत डाव्या तळव्यावरचं दही चाटत होता, आणि तुम्ही सिंककडे तोंड करून एक चमचा कितीतरी वेळ धूत उभ्या होतात. निनादला कळलं होतं का? माहीत नाही. पण पुढच्या वेळी त्याने न सांगता डावा हात पुढे केला.

मला मात्र कधी एक चमचा दिला नाहीत. माझी टीम जिंकायची म्हणून? ही तक्रार मी सोडणार नाही.

तर, शुक्रवारी पुन्हा न्यूयॉर्कशी मॅच. डावऱ्याला ही शेवटची संधी, असं सगळे म्हणत होते. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने दोघांना चालत बेस दिला, मग तिसऱ्याला. माझी निळी टोपी डोक्यावर, माझी टीम धो धो धावा करायच्या बेतात, आणि मी काय म्हणत होते? “सरळ टाक रे, राजा.” त्याने सरळ टाकला, आणि आमच्या माणसाने तो भिंतीपलीकडे धाडला. हुर्यो सुरू झाली. मॅनेजर आला, त्याने बॉल मागितला, आणि डावरा खाली मान घालून निघाला. आम्ही जिंकलो, आई. इतकं बेचव जिंकणं मी आजवर पाहिलं नव्हतं.

काल चहाच्या वेळी बातमी वाचली. तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खाली पाठवतात म्हणजे कुठे, तर त्यांच्या दुय्यम टीममध्ये, आणि ती टीम खेळते वूस्टरला! आपल्या घरापासून दहा मिनिटांवर. मी भीतभीतच निनादला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग अगदी तुमच्या आवाजात म्हणाला, “पोरगं गावात आलं आणि तुम्ही इथे चहा पिऊन राहिले?”

मी हसले. तोही हसला. मग म्हणाला, “आई असती तर गेटवर जाऊन उभी राहिली असती गं.”

एवढं बोलला आणि रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. मी थांबवलं नाही. नंतर त्यानेच फोन घेऊन येत्या शनिवारची तिकिटं काढली. डावरा त्याच दिवशी टाकणार हे सुद्धा शोधून काढलं.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. शनिवारी मी टोपी घरी ठेवून जाईन. तुमच्या डावऱ्याने एकामागून एक दहा जणांना चालत बेसवर पाठवलं, तरी आम्ही दोघं उभं राहून टाळ्या वाजवू. त्याला या गावात हुर्यो ऐकू येणार नाही, निदान आमच्या रांगेतून तरी. तो पुन्हा वर जाऊन न्यूयॉर्कपुढे उभा राहिला की मात्र आपलं नातं पूर्वीसारखंच.

तुमची, विरोधी पक्षातली सून,
मृदुला