देवीच्या जागी

कोपरी, ठाणे पूर्व
९ फेब्रुवारी १९९९

प्रिय कान्हादादा,

नमस्कार. मस्कतहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. आई रोज मासळी घेऊन बाजारात बसते. बाबांच्या हाताला थोडं लागलंय, काळजी करू नकोस.

मी अजून त्र्यंबककाकांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बॅनर बनवायचं काम करते, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत करत होते. तानाजीशेठचा वाढदिवस होता. खाडीकाठची आपली जागा ज्यांना हवीय, तेच. त्यांना बॅनरवर राजा व्हायचं होतं. मी फोटो जोडून जोडून सगळं केलं. सोन्याचं सिंहासन, बाजूला सिंह, डोक्यामागे सूर्य. करताना मजाही वाटली. मग त्यांचा माणूस उत्तम एक फोटो घेऊन आला. "हा म्हातारा शेठच्या पायाशी टाक."

फोटोत बाबा होते. तुझ्या लग्नात देवीच्या पालखीपुढे वाकलेले.

"हे माझे बाबा आहेत," मी म्हटलं.

"माहितेय. कोळीवाड्याला कळू दे ना, गुणाजीची जागा कुठे आहे ते."

मी उठले. त्र्यंबककाका हळूच म्हणाले, "अगं, नुसतं चित्र आहे." मी घरी निघून आले. उरलेलं त्यांनीच केलं.

बॅनर स्टेशनबाहेर लागला. बाबा बघायला गेले, मी सोबत. बराच वेळ वर बघत राहिले. "यात खाडी कुठंय?" त्यांनी विचारलं. सिंहासनाखाली मी चकचकीत फरशी घातलेली. मग म्हणाले, "मी देवीपुढं वाकलेलो. देवीला काढून हा बसलाय."

ते बॅनरखाली जाऊन उभे राहिले. ताठ. स्टेशनातून बाहेर पडणारे लोक वर बघायचे, मग खाली बाबांकडे. काही हसले. बाजारातल्या बायका टोपल्या ठेवून आल्या.

उत्तम पोरं घेऊन आला. "घरी जा, म्हातारबा." बाबा हलले नाहीत. धक्का बसला आणि ते दगडावर पडले. उजवा हात मोडला, दादा. माझा खांदा धरून ते उठले आणि परत तिथेच उभे राहिले. मग कुणी अंगाला हात लावला नाही. संध्याकाळी शेठच्याच माणसांनी बॅनर उतरवला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या फोटोच्या दोनच प्रती होत्या. एक आपल्या भिंतीवर आहे, अजून आहे. दुसरी तू नेलेलीस. गेल्या रजेत तू शेठकडे जेवायला गेलेलास. तुझ्या पत्रात, शेठ चांगला माणूस आहे, बाबांना जागेच्या कागदावर सही करायला सांग, एवढंच आहे. फोटोबद्दल एक अक्षर नाही.

मी बाबांना काही बोलले नाही. पण हात प्लास्टरमध्ये घालून आणला त्या दिवशी त्यांनीच विचारलं, "कान्हाकडचा फोटो त्याच्याकडंच असंल ना?" मी हो म्हटलं. ते कुशीवर वळले, जेवायला उठले नाहीत.

सही होणार नाही. तुला जे सांगायचं असेल ते पत्रात लिहू नकोस. ये, आणि त्यांच्या तोंडावर सांग.

आईला फोटोचं हे माहीत नाही. ती अजून तुझ्यासाठी सुकट निवडून ठेवते.

तुझी बहीण,
मालू