शेडमधली बाल्कनी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे. बोट नाहीच! म्हणजे अजून बांधायची आहे. गोदीच्या मागे मोठी पत्र्याची शेड, शेडच्या मधोमध लाकडी ओटा आणि ओट्यावर एकच केबिन. आतून अगदी खरी — पलंग, सोफा, न्हाणीघर, काचेचं दार, दारापलीकडे बाल्कनी. बाल्कनीतून काय दिसतं? समोर टांगलेलं निळं कापड. त्याच्या मागून करवतीचा आवाज. अशा आठशे केबिन होणार आहेत म्हणे. आधी ही एक करायची, त्यात माणसं ठेवायची, चुका काढून घ्यायच्या. शितावरून भाताची परीक्षा. ती माणसं म्हणजे आम्ही. सहा दिवस.

सगळा लेकीचा उद्योग. विचारलं तर म्हणते, "मी फक्त फॉर्म पाठवला, आई." त्यांना साठीच्या पुढचं जोडपं हवं होतं, दोघांतल्या एकाचा हात नाहीतर पाय अधू असलेलं. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं. पाय ओढत चालतात, बोलतात सावकाश पण नीट. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

मीही काही धडधाकट नाही. ह्यांना उठवून-बसवून पोटात हर्निया झालाय, कमरेला पट्टा बांधून फिरते. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. आता वीस तारीख दिलीय, हो की नाही ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता लिंबाएवढा आहे, नारळाएवढा होईपर्यंत थांबणार का? एकदा आतडं अडकलं की पळापळ होईल." होऊ दे. ऑपरेशननंतर दीड महिना काही उचलायचं नाही, मग ह्यांचं कोण करणार? लेक म्हणते बाबांना तेवढे दिवस एखाद्या केंद्रात ठेवू. तिथे ह्यांची आवडनिवड कुणाला ठाऊक? नाहीच म्हणून कळवणार आहे.

दारातच सह्या झाल्या. ह्यांचा डावा अंगठा मी धरून शाईत टेकवला आणि कागदावर उठवला. "अगं —" म्हणाले, पण तोवर अंगठा उठला होता.

इथल्या इंजिनीअरबाई लेकीच्याच वयाच्या. खिशात कायम मोजपट्टी. मला मुठीत मावेल असं एक यंत्र दिलं, बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. "काकांना कसलीही मदत केलीत की एकदा दाबायचं, काकू. खोली कुठे कमी पडते ते आम्हाला कळेल." झोपायच्या आधी पाहिलं तर चोवीस. बाईंना वाटायचं खोलीच भिकार आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून खोलीची झडती घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या लावण्यात गेली, त्यामुळे कुठे काय का ठेवलंय हे बघायची खोडच आहे मला.

पलंगाचे पायथ्याकडचे कोपरे गोल कापलेत, मांडीला लागत नाहीत. पलंग उंच, बॅगा सगळ्या त्याखाली. भिंती चक्क लोखंडी पत्र्याच्या, वरून लाकडाचं सोंग! चुंबकाचे हुक कुठेही चिकटवा आणि टोपी, पिशवी, काय हवं ते टांगा. ह्यांची काठी दिवसातून दहा वेळा खाली पडते, ती आज एकदाही पडली नाही. कपाटातला दांडा ओढला की कपड्यांसकट खाली येतो. ड्रॉवर आधी दाबल्याशिवाय उघडत नाहीत, बोट कलली तरी आपोआप बाहेर यायला नकोत म्हणून. प्रत्येक फळीला पुढून बोटभर कड. आमच्या प्रयोगशाळेत ही कड असती तर किती बाटल्या वाचल्या असत्या आणि किती बोलणी.

न्हाणीघरातली टॉवेलची दांडी हलवून पाहिली, हत्ती बांधला तरी निघणार नाही. बाई हळूच म्हणाल्या, ती टॉवेलची नाहीच, तोल गेला तर धरायची आहे. टॉवेलची वाटेल अशी केलीय, म्हणजे धरणाऱ्याला म्हातारं झाल्यासारखं वाटत नाही. ही युक्ती मला फार आवडली.

बाल्कनीच्या कठड्यावर चहाचा कप ठेवला तो घसरून खाली. फुटला. वरची लाकडी पट्टी मुद्दाम उतरती केलीय. "कुणी काही ठेवूच नये म्हणून, काकू. बोटीत खालच्या मजल्यावर माणसं बसलेली असतात." हे हसले. कितीतरी दिवसांनी आवाज करून हसले.

एक चूक मला सापडलीच. भिंतीत कुठेतरी बारीक 'खट' असा आवाज होतो. यादीत एक नंबरला लिहिला.

यंत्र — आज एकवीस.

५ फेब्रुवारी, बुधवार

आवाज शोधायला सुतारदादा आले. भिंतीला कान लावून पाव तास उभे, आवाज म्हणून नाही. शेवटी मी ह्यांच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं आणि — खट. "ऐकलंत?" "ऐकलं की." त्यांनी सोफ्यामागचा पत्रा उघडून पाहिला, आत नुसता कापूस. उद्या दुसरा उघडतो म्हणाले. हे त्याच सोफ्यावर बसून छताकडे बघत होते, दोन माणसं एवढी धडपडताहेत याचं काही सोयरसुतक नाही.

खरी गंमत नाश्त्याला. मी न्हाणीघरातून बाहेर आले तर ह्यांनी पावाला लोणी लावलेलं. एकट्याने, डाव्या हाताने, कडेपर्यंत! घरी सुरी लावली की पाव पळतो, पावामागे ताटली पळते, म्हणून दीड वर्ष मीच लावून देते. इथे टेबलावर रबराची चटई आहे, ताटली जागची हलत नाही. ताटलीला उभी कड आहे, पाव तिला टेकतो. लाटांसाठी केलेलं सगळं.

बाईंना सांगितलं तर त्या खूश. म्हणाल्या, "दोन हातांपैकी एकच काम करतो, काकू. दुसरा नुसता धरतो. बोटीत सगळं धरून ठेवावंच लागतं."

दिवसभर स्वतःच्या हातांकडे बघत होते. खरंच आहे. भाजी चिरताना डावा धरतो, सुई ओवताना धरतो, डबा उघडताना धरतो. मग ह्यांच्या डाव्याने काम केलं की धरायलाच हात उरत नाही, तर मी नुसतं धरायला हवं होतं का? आणि बाकीचं? हा विचार काही मला बरा वाटला नाही, म्हणून घडी केलेले कपडे परत मोडून घड्या घातल्या.

आज एकोणीस. खरं म्हणजे बावीस. तीन वेळा दाबलं नाही. पाठीवर शाल टाकणं ही काय मदत झाली?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज खोली कलवली. ओट्याखाली जॅक लावून एक बाजू उचलली, समुद्र खवळल्यावर बोट कलते तेवढी. मी ह्यांना धरायला धावले, चप्पल सटकली आणि सरळ कपाटाच्या दिशेने निघाले. ह्यांनी पलंगाच्या त्या गोल कोपऱ्याला कंबर टेकवली होती, न हलता नुसता डावा हात पुढे केला आणि माझा दंड पकडला. असा पकडला की अजून बोटं उमटलीत. कुलपं-बिजागऱ्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते, ती पकड कुठे जाते!

पोटात कळ आली. "दुखलं?" "छे." "खोटं."

ह्यांनी मला मदत केली तर कुठलं बटण दाबायचं हे बाईंनी सांगितलेलं नाही. आकडा चौदा. लपवलेले पाच.

खट चालूच. दुसराही पत्रा उघडून झाला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे आज इतकं बोलले! बाल्कनीत खुर्चीवर बसले आणि इंजिनीअरबाईंना हाक मारली. "इथे बसा. काय दिसतं?" बाई बसल्या. कठड्याला खाली काच आहे, ती कशासाठी तर बसल्या जागी समुद्र दिसावा म्हणून. पण वरची लाकडी पट्टी नेमकी बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येते. पाणी आणि आभाळ मिळतात ती रेघच झाकली जाते. उभ्याने हे कुणाला कळलंच नव्हतं. इतके दिवस सगळे उभ्याने मापं घेत होते! मी वाकून पाहिलं. खरंच, निळं कापड बरोबर मधोमध कापलेलं. कठडा नियमापेक्षा खाली आणता येत नाही, तर हे म्हणाले, "मग खुर्ची दोन बोटं उंच करा." बाईंनी लगेच लिहून घेतलं.

मग दाराची मूठ. दार जड, वाऱ्याने आपटू नये म्हणून. मूठ गोल फिरवायची होती. ह्यांनी कोपराने उघडून दाखवलं — म्हणजे उघडेना ते दाखवलं. मग म्हणाले, आडवी मूठ लावा, बाहेरच्या टोकाला किंचित वर वळवा, म्हणजे हातात सामान असलं तरी कोपर घसरणार नाही. सुतारदादा दुपारपर्यंत तशी करून घेऊन आले. ह्यांनी कोपराने दार उघडलं, बाहेर गेले, आत आले, परत बाहेर गेले. दारातल्या उंबऱ्याला दोन्हीकडून उतार आहे, पाय अडकला नाही. मी मागे हात बांधून उभी होते, आणि ते फार जड जात होतं हे लिहूनच ठेवते. हात आपोआप पुढे जातात. कोण म्हणेल माझे आहेत.

लेकीचा फोन. "आई, सोमवारी हो म्हणून कळव." म्हटलं, तुझ्या बाबांचं माझ्याशिवाय तासभरही चालत नाही. ह्यांनी ऐकलं असणार, बाल्कनीत होते. काच बंद होती तरी.

आकडा दहा. लपवलेले मोजले नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

सामान बांधून झालं. आज सकाळचे आठ धरून माझ्या यंत्रावर शहाण्णव. इंजिनीअरबाईंच्या हातात दिलं. खाई त्याला खवखवे, म्हणून आधीच सांगून टाकलं की एखादा-दुसरा दाबायचा राहिला असेल. त्यांनी आकडा लिहिला आणि ह्यांच्यापुढे हात केला. "काका, तुमचं?"

ह्यांनी डाव्या खिशातून एक लोखंडी यंत्र काढलं. जुनं. बाईंच्या हातात देताना अंगठा खटक्यावर पडला.

खट.

सुतारदादांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. बिचाऱ्यांनी दोन भिंती उघडल्या होत्या.

बाई चाचरत म्हणाल्या, "काकांनी पहिल्याच दिवशी मागून घेतलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. काकू, हे दुसरं मोजत होतं. जी मदत त्यांना नको होती, ती."

एकशे चार.

मी म्हटलं यंत्र बिघडलेलं आहे. एकूण शहाण्णव, आणि त्यातली नको असलेली एकशे चार कशी होईल? हे म्हणाले, "यंत्र बरोबर आहे." सावकाश म्हणाले, नेहमीसारखंच. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत बसले. राग आला होता, खूप. दीड वर्ष मी पूर्ण झोप घेतलेली नाही, पोट फाडून घ्यायची वेळ आली, आणि हा माणूस खिशात हात घालून मोजतो! लाजही वाटत होती. लाज जास्त. बटणं, चमचे, शाल, मोजे. एकेक खट आठवत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

बोललो नाही. ह्यांनी मोजे स्वतः घातले. अकरा मिनिटं लागली. मी स्वयंपाकघरातून घड्याळ बघत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

निघताना बाईंनी आमची कागदपत्रं पाकिटात घालून दिली होती, ती आज उघडली. त्यात तो फॉर्म. लेकीने भरलेला असणार म्हणून बाजूला ठेवणार होते, पण अक्षर तिचं नाही. वाकडं, मोठं, पहिलीतल्या मुलासारखं, ओळी सोडून खाली उतरलेलं. खाली सही. ज्याचा अंगठा मी धरून उठवला, त्याच माणसाची सही.

डाव्या हाताने कधी शिकले? मी बाजारात जाते तेव्हाच असणार, दुसरा वेळ मी दिलाच कुठे?

'भाग का घ्यायचा आहे' असा रकाना आहे. त्यात लिहिलंय — "बायकोचं ऑपरेशन व्हायला हवं. माझं मला जमतं. सांगून पटत नाही, दाखवायला जागा हवी."

दवाखान्यात फोन केला. वीस तारीख पक्की. सोबत येणाऱ्या नातेवाइकाची सही लागेल म्हणाले. म्हटलं, नवरा करेल.